सासऱ्यांच्या गाडीतला आवाज

माझे कान फार तयार आहेत. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली ते मी पलंगावर पडल्या पडल्या ओळखतो. शेजाऱ्यांच्या नळाचं वायसर गेलंय हे त्यांच्याआधी मला कळतं. आणि या कानांवरच माझं पोट चालतं! आमची छोटीशी कंपनी गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम बनवते आणि त्यातले सगळे आवाज मी घालतो. इंजिनाची घरघर माझी, ब्रेकची किंचाळी माझी, गाडी भिंतीवर आदळते तो धडामही माझाच. त्या धडामसाठी मी घरातलं पत्र्याचं कपाट जिन्यावरून खाली सोडलं होतं. बायको तो विषय अजून काढते.

तर मध्यंतरी ऑफिसात ठरलं की गेमचं पुढचं अपडेट नव्वदच्या दशकावर काढायचं. त्या काळातल्या बारा गाड्या, हाताने फिरवायच्या काचा, कॅसेट प्लेअर, मागच्या काचेत मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा, सगळं हवं. कंपनी चालवणाऱ्या आमच्या बाईंना आम्ही पाठीमागे तारीखबाई म्हणतो, कारण त्या कोणालाही भेटल्या की आधी शेवटची तारीख सांगतात आणि मग बोलायला लागतात. त्यांनी स्पष्टच सांगितलं की मागची दोन अपडेटं आपटली आहेत. हेही आपटलं तर आवाजांचा विभाग बंद करून तयार आवाज बाहेरून घ्यायचे. आवाजांचा विभाग म्हणजे मी, माझी खुर्ची आणि खुर्चीखालचं वायरींचं भेंडोळं. टेबलाभोवतीची बाकीची मंडळी त्या दशकानंतर जन्मलेली. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवून म्हणालो, "नव्वदचं दशक ना? माझ्यावर सोडा. अस्सल आवाज आणतो!"

अस्सल आवाज कुठे मिळेल हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांकडे.

सासरे वजनमाप खात्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासली, आता घरातल्यांची तपासतात. चौऱ्याण्णव साली घेतलेली मोटार त्यांच्याकडे अजून आहे आणि त्या मोटारीची एक जाडजूड वहीही आहे. टायरमधली हवा, इंजिनातलं तेल, कोणत्या दिवशी किती किलोमीटर, सगळं वहीत. गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मी मुलगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात होकार दिला होता. किल्ली मागितली तेव्हा तीन दिवस विचार केला. मी त्यांना समजावलं की आवाज नीट टिपायचा तर माझे कान ड्रायव्हरच्या जागेवर हवेत, म्हणून गाडी मीच चालवणार. चौथ्या दिवशी सकाळी ते किल्ली घेऊन खाली आले, शेजारच्या सीटवर बसले, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि दारावरचं कडं धरलं.

रेकॉर्डर मी दोन सीटांच्या मधे टांगला. मग नदीकाठचा वळणावळणाचा रस्ता, बाजारपेठ आणि शेवटी उड्डाणपूल असा झकास फेरफटका झाला. सासरे वाटेत चकार शब्द बोलले नाहीत. जुन्या आठवणींत हरवलेत बिचारे, असं मला वाटलं.

ऑफिसात येऊन रेकॉर्डिंग लावलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. इंजिनाच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. कर्रर्र... टक. कर्रर्र... टक. सरळ रस्त्यावर गप्प. वळण आलं की सुरू. ब्रेक दाबला की टक. उड्डाणपुलाच्या उतारावर तर सलग अर्धा मिनिट नुसतं कर्रर्र! जात्यात खडे पडावेत तसं. मी तो तुकडा वीस वेळा ऐकला. इतकी वर्षं आवाजांत घालवून मला हा आवाज ओळखता येत नव्हता, आणि जे ओळखता येत नाही ते मला जेवू देत नाही. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडाला जमत नाहीत. तारीखबाईंनी विचारलं की हे काय आहे, तर मी बेधडक सांगून टाकलं की हा गिअरबॉक्स. त्या काळातले गिअरबॉक्स असेच बोलायचे.

बाईंनी तो आवाज उचलून सरळ जाहिरातीत घातला. आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला हो! कोणीतरी लिहिलं, 'वडिलांनी मला गाडी शिकवली तेव्हा गाडीतून अगदी हाच आवाज यायचा. डोळे भरून आले.' त्याखाली शेकडो जणांचं 'आमच्याही, आमच्याही'. बाईंनी जाहीर केलं की बाराही गाड्यांना हाच आवाज द्यायचा. प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक वेगाला, स्वच्छ रेकॉर्डिंग हवं. तारीख, पुढच्या महिन्याची पाच.

मी हवेत तरंगत सासऱ्यांकडे गेलो आणि त्यांच्या गिअरबॉक्सचं तोंडभरून कौतुक केलं. आवाज त्यांनाही ऐकवला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी वही काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवून दाखवलं की या गाडीने इतक्या वर्षांत कधीही, कसलाही आवाज केलेला नाही. मी म्हणालो, असू द्या हो, म्हातारपणी थोडं कुरकुरणारच. गाडीबद्दल म्हणालो होतो. त्यांनी चहा अर्धा सोडला आणि आत निघून गेले.

शनिवारी मी सात माइक आणि चाळीस मीटर वायर घेऊन हजर झालो तर गाडी जाग्यावर नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. गाडी ठोकळ्यांवर उभी, आणि गिअरबॉक्स वर्तमानपत्रावर सुटा मांडलेला! शेजारी स्टुलावर सासरे, आजारी माणसाजवळ बसावं तसे. मेकॅनिक हात पुसत म्हणाला की काहीही सापडलं नाही. तरी साहेब ऐकेनात, म्हणून बेअरिंग बदलली, रबर बदलले, दिसेल तो नट आवळला. आता यातून सुईएवढाही आवाज यायचा नाही, याची तो लेखी हमी द्यायला तयार होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दोन दिवसांनी गाडी जोडून झाली. आजारपणातून उठलेली गाडी म्हणून सासऱ्यांनी ती माझ्या हाती दिली नाही, स्वतःच चालवली. मी मागच्या सीटवर वायरींच्या जंजाळात कान लावून बसलो. पाचही गिअर झाले, उड्डाणपूल झाला, आवाज नाही. गाडी मांजरासारखी चालली होती. त्यांनी समाधानाने वहीत नोंद केली आणि मला पाच तारीख दिसायला लागली.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी गुपचूप मेकॅनिककडे गेलो आणि आवाज परत बसवून दे म्हणालो. त्याने पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्याकडे लोक खडखड काढायला येतात, घालून घ्यायला आलेला मी पहिलाच. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर तो तयार झाला, आणि गाडी तेल बदलायला गॅरेजात आली तेव्हा, सासरे तेलाचा डबा आणायला गेले असताना, त्याने दाराच्या पत्र्यात चार नट सोडले. आवाज आला. पण तो दारात सोडलेल्या चार नटांचा आवाज होता! आणि सासऱ्यांनी दार एकदाच लावलं, थबकले, पुन्हा लावलं, आणि माझ्याकडे वळले. खोटी मापं पकडण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

घरी बायकोने मला उभं केलं. तुझ्या खुर्चीपायी बाबांच्या गाडीची आतडी बाहेर काढलीस, वर त्यांच्याशी लबाडी केलीस, असं बरंच काही ती म्हणाली, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी सासऱ्यांकडे जाऊन सगळं कबूल केलं. आवाज काय आहे ते मला ठाऊक नाही, गिअरबॉक्स म्हणालो ती थाप होती, आणि पाच तारखेपर्यंत तो सापडला नाही तर माझी नोकरी राहणार नाही.  त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकला. चष्मा पुसला.

"आवाज आहे तर कारण असणारच," ते म्हणाले. "काढू शोधून."

आणि त्यांनी वहीत पट्टीने रेघा मारून तक्ता आखला. कोण चालवतं, शेजारी कोण, रस्ता कोणता, आवाज आला की नाही. रविवारी सकाळी मेकॅनिकही दुकान बंद करून आला, कारण आता त्यालाही चैन पडत नव्हतं. बायको आली ती आम्हा दोघांना गाडीबरोबर एकटं सोडायचं नाही म्हणून. पहिली फेरी मेकॅनिक एकटा. आवाज नाही. दुसरी, सासरे चालवणार, शेजारी मी. नाही. तिसरी, मी एकटा. किल्ली देताना सासऱ्यांचा हात जरा रेंगाळला, पण दिली. त्या फेरीतही नाही. चौथी, मी चालवणार, शेजारी मेकॅनिक. त्याने परत आल्यावर पाणी मागितलं, पण आवाज नव्हता. तक्त्यात फुल्याच फुल्या. उरली एकच ओळ.

मी चालवायला बसलो, शेजारी सासरे. मागे बायको, कानाला हेडफोन आणि हातात काठीला बांधलेला माइक. पहिल्याच वळणावर ती ओरडली, "आला!"

मी इतका आनंदलो की पुढचं वळण जरा जोरातच घेतलं. आवाज वाढला! बायकोने काठी गिअरपाशी नेली, म्हणाली, इथे कमी. पायापाशी नेली, इथे त्याहून कमी. डॅशबोर्डपाशी थोडा बरा. वर नेली, आणखी बरा. आम्ही उड्डाणपुलावर चढलो, उतार लागला, समोरचा ट्रक अचानक थांबला, मी ब्रेक दाबला, आणि बायको एकदम गप्प झाली. मी आरशात पाहिलं. माइक तिच्या वडिलांच्या गालाला टेकला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दात खाताय."

मी गाडी बाजूला घेतली. सासऱ्यांनी कडं सोडलं, जबडा चोळला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. गाडीत आता खरोखरच कसलाही आवाज नव्हता.

"जावयाला गाडी चालवताना टोकायचं नाही," ते शेवटी म्हणाले, "असं हिच्या आईने बजावलंय मला. म्हणून तोंड मिटून बसतो."

मला वाईट वाटलं, हसूही आलं, आणि आपण गाडी बरी चालवतो हा माझा वीस वर्षांचा समज त्या उतारावरच राहिला. बायको मागे पदराआड तोंड करून खोकत होती. ती खोकत नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी वही काढली, शेवटच्या ओळीत शांतपणे बरोबरची खूण केली आणि विचारलं की पूर्ण रेकॉर्डिंगला किती तास लागतील. मी म्हणालो, चोवीस.  माझ्या खुर्चीसाठी हा माणूस चोवीस तास माझ्या शेजारी बसायला निघाला होता! मी कसंबसं म्हणालो की आवाज नीट यावा म्हणून मी मुद्दाम जरा वाईट चालवीन.

"नको," ते म्हणाले. "नेहमीसारखी चालवा. पुरेल."

चार दिवस, रोज सहा तास. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण म्हणजे दूध आणि मऊ भात. पाच तारखेला मी रेकॉर्डिंग तारीखबाईंच्या टेबलावर ठेवलं. गिअरबॉक्सचं मी त्यांना काही बोललो नाही, त्यांनी विचारलंही नाही. अपडेट आलं आणि धो धो चाललं. माझी खुर्ची राहिली, वायरींचं भेंडोळं राहिलं. तक्रार फक्त चांगल्या खेळाडूंची आली. त्यांना आवाज ऐकूच येत नव्हता, कारण गाडी वेडीवाकडी गेली तरच तो लागतो. बाईंनी त्यांना काय उत्तर द्यायचं म्हणून मला विचारलं. लिहा, थोडी घाई करा, असं मी सुचवलं.

गेल्या रविवारी सासरे घरी आले होते. त्यांना गेम दाखवावा म्हणून टीव्हीला जोडला, त्यांना सोफ्यावर शेजारी बसवलं आणि त्यांचीच पांढरी मोटार निवडून शर्यत सुरू केली. पहिलं वळण आलं. कर्रर्र... टक! किती स्वच्छ, किती जवळून! मी दुसरं वळण मारलं, एक कठडा तोडला, आणि आवाज सगळ्या खोलीत भरून गेला. इतका हुबेहूब आपण कधी टिपला होता, या कौतुकात मी नुसता इंजिनाचा भाग ऐकावा म्हणून गिअरबॉक्सचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन बंद केला.

कर्रर्र चालूच राहिलं. मी गाडी थांबवली आणि रिमोट मुकाट्याने बायकोच्या हातात दिला.