व्याह्यांच्या हातातली चावी

लेकीच्या नव्या घरात सामान न्यायचं ठरलं तेव्हा तिचे सासरे सहज म्हणाले, "टेम्पो सांगू का एखादा?" नानांना ते लागलं. स्वतःचा ट्रक दारात उभा असताना व्याह्यांनी भाड्याची गाडी सांगायची?

"छे हो, सगळे पार्ट नवे टाकलेत," नाना बोलून गेले.

खरं तर त्यांचा जुना पेट्रोलचा ट्रक धक्का मारल्याशिवाय सुरूच होत नव्हता, आणि नवे पार्ट घ्यायची नानांची ऐपत नव्हती. दुसऱ्या दिवशी ते गुपचूप भंगार बाजारात गेले आणि मोडीत निघालेल्या एका गाडीची ठिणगी देणारी इग्निशन कॉइल आणि चावीचा स्विच घेऊन आले.

"मेकॅनिकला बोलवा की," बायको म्हणाली.

"चार वायरी जोडायला मेकॅनिक कशाला?"

चार वायरी जोडून झाल्यावर पाचवी उरली. नानांनी तिला चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलं. चावी फिरवली, ट्रक एका दमात सुरू झाला. चावी सोडली, बंद पडला. स्विच आतून झिजलेला होता; चावी डावीकडे दाबून धरली तरच इंजिन चालायचं. एक हात स्टिअरिंगला, एक गिअरला. चावीला तिसरा हात हवा होता.

सामान न्यायच्या दिवशी दोघी विहिणी आधीच पुढे गेल्या होत्या. केबिनमध्ये नानांशेजारी व्याही बसले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"जरा चावी दाबून धरता का?" नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. "नवा स्विच आहे, सुरुवातीला घट्ट असतो."

जन्मभर टपालावर शिक्के मारलेल्या व्याह्यांनी मन लावून चावी दाबली. दोन चौक गेल्यावर त्यांनी विचारलं, "हात बदलला तर चालेल?"

"बदला, पण सोडू नका."

तिसऱ्या चौकात व्याह्यांना शिंक आली. ट्रक भर चौकात मेला. नानांनी पुन्हा चावी फिरवली. सायलेन्सरमधून मोठा बार निघाला, रस्त्यावरचे लोक दचकले, आणि बॅटरीनेही मान टाकली. मागून हॉर्न सुरू झाले. व्याही खाली उतरले आणि चार लोकांबरोबर धक्का मारू लागले.

ट्रक सुरू झाला. नाना एका हाताने चावी दाबून निघाले खरे, पण आरशात व्याही धावताना दिसले, चपला हातात घेऊन. थांबलो तर ट्रक बंद पडेल, न थांबलो तर व्याही पडतील. गल्लीच्या टोकापर्यंत नानांना ठरवता आलं नाही. शेवटी क्लच दाबून त्यांनी ट्रक कडेला घेतला.

व्याही धापा टाकत चढले आणि त्यांनी पुन्हा चावीवर हात ठेवला. तेवढ्याने नानांचा धीर सुटला.

"स्विच नवा नाहीये. भंगारातला आहे."

"कळलं होतं मला. नव्या वस्तूचा गंज हाताला लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मनापासून सांगत होता."

नानांना ट्रकखाली जाऊन पडावंसं वाटलं. उरलेला रस्ता दोघेही समोरच बघत होते.

नव्या घराच्या दारात विहीणबाई उभ्याच होत्या. नवऱ्याच्या शर्टावरचे काळे पंजे बघून त्यांनी विचारलं, "हे काय करून घेतलंत?"

नाना तोंड उघडणार तोच व्याही म्हणाले, "कपाट उतरवताना लागलं."

कपाट अजून ट्रकमध्येच होतं. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि नानांना ते विचारण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सामान आत गेल्यावर ट्रकच्या आडोशाला व्याह्यांनी नानांना गाठलं. दाराकडे नजर ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "तो भंगारवाला बसतो कुठे? माझ्या स्कूटरचाही स्विच गेलाय. घरी सांगून बसलोय, नवा मागवलाय म्हणून."

नानांनी दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पत्ता सांगितला, आणि जरा थांबून म्हणाले, "बसवायला मात्र मेकॅनिकला बोलवा."