एका मार्काची चौकशी

शेटे सर पेपरातली वाक्यं तपासायला विद्यार्थ्यांच्या घरी जात. वाक्य शुद्ध आहे की नाही हे त्यांना शाळेतच कळे. घरी जात ते वाक्य खरं आहे की नाही हे बघायला.

माजलगावच्या अलीकडच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी गणित. इंग्रजीच्या पेपरात ‘स्वतःच्या वाक्यात उपयोग करा’ असा एक प्रश्न असे. सरांचा सगळा जीव त्यातल्या ‘स्वतःच्या’वर. “स्वतःचं म्हणजे स्वतःचं,” ते म्हणत. “गाईडातलं न्हाई. शेजाऱ्याचं न्हाई. घडलेलं पाहिजे, आन् साक्षीला कोण हाय ते सांगता आलं पाहिजे.” ‘वाघ जंगलात राहतो’ असली वाक्यं ते सोडून देत, कारण जवळपास जंगल नव्हतं. पण नववीला ‘एनकरेज’ हे क्रियापद आलं आणि सरांच्या सायकलीला उसंत राहिली नाही.

त्याचं कारण असं, की अख्खा वर्ग एकच वाक्य लिही: माय फादर एनकरेज्ड मी टू स्टडी. सर प्रत्येक फादरकडे जात. आणि घरातल्या बायका पुरुषमाणसासमोर मोकळ्या बोलत नाहीत म्हणून मला सोबत नेत. मी चालत असे, ते शेजारून सायकल ढकलत. एकटं बसून पुढं जाणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

“तुमी याला कधी हिंमत दिली का?” सर दारातच विचारत.

एका बापानं बराच वेळ आठवलं. “आसलं काय दिलेलं न्हाई, सर. येकदा कानाखाली दिलती. त्याचंच लागलं आसंल.”

दुसऱ्या एकाचे वडील किराणा दुकानदार, ते जास्त व्यवहारी होते. “लिवलंय ना पोरानं? मग दिली समजा.”

“समजा चालत न्हाई.”

“बरं, मग आत्ता देतो,” ते म्हणाले आणि पोत्यावर बसलेल्या मुलाला ओरडून म्हणाले, “आभ्यास कर बे!” सरांनी मला विचारलं, “जाधवबाई, ही हिंमत झाली का?” मी म्हटलं, माझी भाकरी थापायची आहे, देऊन टाका मार्क. त्यांनी अर्धा दिला.

चौकशी पुरी होईपर्यंत निकाल अडून राही. हेडमास्तर म्हणत, “शेटे, तुम्ही शिक्षक आहात का फौजदार?” सर शांतपणे म्हणत, “एक मार्क तपासावर हाय.”

मला एकच गोष्ट खटके. इतर प्रत्येक शब्दाला सर फळ्यावर नमुन्याचं वाक्य देत. एनकरेजला कधीच दिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “माझ्यापाशी खरं न्हाई.” मी विषय वाढवला नाही.

एका वर्षी सहामाहीला अनिता नावाच्या मुलीनं वेगळं वाक्य लिहिलं: आईनं मला शाळेत राहायला हिंमत दिली. अनिताचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, पार कोल्हापूरकडे. त्या वर्षी अनिताही जाणार होती, स्वयंपाकाला आणि तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला. हे आम्हाला माहीत होतं. सरांनी सायकल काढली.

कौसाबाई, म्हणजे तिची आई, भांडी पोत्यात भरत होती. सरांनी वाक्याचा अर्थ सांगितला. तिनं लेकीकडं पाहिलं. अनिता जमिनीकडं बघत होती.

“मी कवा म्हणले?” कौसाबाई म्हणाली. “खोटं हाय. कापा मार्क.”

सरांनी लाल पेन काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सरांनी पेन उघडलं नाही. तसेच उभे राहिले.

“पोरगी हुशार हाय,” ते म्हणाले.

“मग? वयात आलेली पोर माझ्या म्हाताऱ्या सासूच्या जिवावर मागं ठिवू? म्हातारीला दिसत न्हाई. मला भ्या वाटतंय, सर. हिंमत दे म्हणताय, मला कुणी दिलती? आसंल माझ्यापाशी तर देईन ना.”

सर पेन घेऊन उभेच. नुसते उभे राहणारे लोक मला चालत नाहीत, म्हणून मी पोत्याजवळ बसले. म्हटलं, कौसाबाई, धाकटं पोरगं दुपारपर्यंत अंगणवाडीत बसेल. म्हातारीला दिसत नसलं तरी अनिताला दिसतं. मी दोन गल्ल्या सोडून राहते. दोघी पोराला घेऊन माझ्या ओसरीवर झोपायला येतील. आणि स्टँडवर बब्बूभाईंनी एसटीडीची पिवळी पाटी लावली आहे. तुमच्या कारखान्यावरही असेल. बब्बूभाईंचा नंबर लिहून देते, दर बाजाराच्या दिवशी चार वाजता फोन कर, लेक तिथं हजर असेल.

ती हो म्हणाली नाही. नाही असंही म्हणाली नाही. भांडी भरत राहिली.

चार दिवसांनी ट्रॅक्टर गेले. दिवाळीची सुट्टी संपली आणि अनिता वर्गात, आपल्या जागेवर. मी सरांना म्हटलं, आता तरी द्या मार्क.

“आई जाताना काय बोलली का?” त्यांनी अनिताला विचारलं.

“न्हाई. नुसती गेली.”

“मग न्हाई.”

असा माणूस. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पहिले दोन बाजार फोन आला नाही. तिसऱ्या बाजाराला आम्ही तिघं बूथवर उभे होतो. सव्वाचारला फोन वाजला आणि अनिता काचेच्या खोक्यात शिरली. बाहेर आली तेव्हा नाक लाल झालेलं.

“काय म्हणाली?” सर.

“भिऊ नको म्हणाली. शीक. मी बी इथं भीत न्हाई, म्हणाली.”

“साक्षीला कोण हाय?”

बब्बूभाईंनी गल्ल्यामागून हात वर केला. “मैं हूँ, सर. त्या बाईचा आवाज लई मोठा. पानटपरीपर्यंत गेला आसंल.”

सरांनी पिशवीतून अनिताचा सहामाहीचा पेपर काढला. दीड महिना तो त्यांच्या पिशवीतच होता. काउंटरवर ठेवून त्यांनी तिथंच एक मार्क दिला, खाली सही केली. अनिता पेपर घेऊन पळत घरी गेली.

“सर, आता तुमचा नंबर लावू का?” बब्बूभाई म्हणाले.

“ऱ्हाऊ दे.”

मी बब्बूभाईंकडं पाहिलं. ते म्हणाले, “दर हप्त्याला येतात, बाई. लातूरचा नंबर फिरवतात आन् तिकडं घंटी जायच्या आत ठिवून देतात.”

सर बराच वेळ सायकलीची सीट पुसत राहिले. मग सीटकडं बघतच म्हणाले, “लेक हाय माझी तिथं. तिला नर्सिंगला जायचं होतं. मी म्हणलो, तुला झेपणार न्हाई. तिची आई होती तवर चिठ्ठ्या यायच्या.” पुन्हा सीट पुसत म्हणाले, “तिला झेपलं, बाई.”

“मग लावा नंबर.”

“काय बोलू?”

“ते नंतर. आधी लावा.”

“तुमी जाऊ नका,” ते म्हणाले. मला बाजार करायचा होता, वांगी संपत आली होती. मी सायकल धरून उभी राहिले.

काचेतून मला एवढंच दिसलं, की त्यांनी नंबर फिरवला आणि या वेळी ठेवला नाही. एकदा ओठ हलले, ‘मी बोलतोय’ एवढेच. मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

पुढच्या वर्षी नववीला पुन्हा एनकरेज आलं. मी शेजारच्या वर्गात त्रैराशिक शिकवत होते. एक मुलगी बोलवायला आली, सरांनी ताबडतोब या म्हणून सांगितलंय. गेले. फळ्यावर सरांच्या सुवाच्य अक्षरात पहिल्यांदाच नमुन्याचं वाक्य होतं: जाधवबाई एनकरेज्ड मी टू टॉक टू माय डॉटर.

“बाई,” सर वर्गासमोर म्हणाले, “हे वाक्य खरं हाय का?”

साठ पोरं माझ्याकडं बघत होती.

“खरं आहे,” मी म्हटलं आणि माझ्या वर्गाकडं निघाले. गणित अर्धवट राहिलं होतं.