वानखडे सर रस्ता विचारतात

वानखडे सरांना जो रस्ता तोंडपाठ आहे, तोच ते लोकांना विचारतात. अनोळखी रस्त्याने ते सहसा जातच नाहीत.

बुलढाण्यात ते माझे शेजारी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. जिल्ह्याचा नकाशा डोळे मिटून फळ्यावर काढायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आणि हाच माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीची काच खाली करून विचारतो, "काहो भाऊ, चिखली इकडूनच नं?"

माझा मोबाईल रस्ता सांगायला लागला की त्यांचं डोकं फिरतं. "ती बाई रस्ता सांगते बे, पण पाणी पेता का म्हणते का?"

 

गेल्या महिन्यात मी त्यांना मेहकरच्या पुढे सुलतानपूरला नेलं. तिथे त्यांचे थोरले भाऊ, दामोदरदादा, राहतात. दादा न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन घरी आले, तरी सर गेले नव्हते. कारण दोघांत अबोला. दादांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत साऱ्या गोतावळ्याची नावं छापली होती, चुलतभावाच्या मेहुण्याचंसुद्धा. सख्ख्या भावाचं तेवढं राहिलं. दादा म्हणाले, छापणाऱ्याची चूक. सर म्हणाले, वाचणाऱ्याले डोये नव्हते का? तरी ते लग्नाला गेले, शेवटच्या रांगेत बसले, पोटभर जेवले आणि एक शब्द न बोलता परत आले. त्यानंतर कुणीच कुणाला फोन केला नाही.

निघताना सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला बाजूला घेऊन बजावलं, "रोज म्हंतेत उद्या जातो, अन् जात नाईत. दादाच्या दारातच नेऊन सोड यायले. मधातून वापस आणू नको."

चिखलीच्या चौकात सरांनी पंक्चर काढणाऱ्याला मेहकरचा रस्ता विचारला. त्याने हातातलं टायर खाली ठेवलं, रस्त्यावर आला आणि मोठ्या प्रेमाने आम्हाला देऊळगाव राजाच्या रस्त्याला लावलं. मी म्हटलं, सर, हा रस्ता चुकीचा आहे.

"मालूम हाये. पण बिचाऱ्यानं काम सोडून सांगतलं नं? तो पाहून राह्यला तोवर सरळ जा. मंग वळव."

तो भला माणूस कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिला. आम्हाला फार लांबून वळावं लागलं.

मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू? पण या माणसाचा मला हेवाही वाटतो. मेहकरला त्यांनी दोघांना एकदम विचारलं, तर त्या दोघांतच जुंपली. एकाला आम्हाला बाजारातून न्यायचं होतं, दुसऱ्याला बाजार टाळून. निकाल लागेपर्यंत सरांनी दोघांना चहा पाजला, एकाच्या मुलीच्या बारावीची आणि दुसऱ्याच्या म्हशीची चौकशी केली, आणि निघताना आमच्या गाडीत अंबाडीच्या भाजीची जुडी आली. मी याच रस्त्याने कितीदा तरी गेलोय. मला कुणी कोथिंबिरीची काडी दिली नाही.

मेहकर सुटलं आणि सर गप्प झाले. काचेला हातसुद्धा लावला नाही. रुमालाने चष्मा पुसत राहिले.

"ऊन लई झालं," ते म्हणाले. "वापस जाऊ का? दादा झोपला असन."

"सर, काकूंनी बजावलंय."

"तुले तिचा भेव जास्त का माहा?"

"काकूंचा."

 भेव त्यांनाही काकूंचाच होता.

दादांच्या दारासमोर गाडी थांबवली. ओसरीत बाजेवर दादा पडले होते, शेजारी वॉकर. त्यांनी गाडी पाहिली, आत बसलेले सर पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वाटेत भेटेल त्याला जयभीम, रामराम करणाऱ्या माणसाला इथे शब्द सापडेना. गाडीच्या दारावरचा हात तिथेच राहिला. आता ते 'वळव' म्हणतील असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, काकूंची भीती बाजूला ठेवून मी वळवलीही असती, इतका त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता.

पण सर उतरले. ओसरीच्या पायरीशी चपला काढल्या, बाजेच्या पायथ्याशी जाऊन बसले आणि मुकाट्याने भावाचा पाय चेपायला लागले.

 मग तोंड भिंतीकडेच ठेवून दादा म्हणाले, "मोडला तो दुसरा हाये."

"मालूम हाये," सर म्हणाले. "त्याले हात लावला तं बोंबलशीन."

दादांचं अंग हलायला लागलं. ते हसताहेत की रडताहेत, मला गाडीतून कळेना. सरांचे हात थांबले.

"काऊन थांबला?" दादा म्हणाले. "चेप नं."