खंदक, मातीचा, नग एक

आमच्या शाळेच्या जडवस्तू रजिस्टरात पान अठ्ठावीसवर लागोपाठ तीन नोंदी आहेत. 'फळे, लाकडी, नग सात. खंदक, मातीचा, नग एक. घंटा, पितळी, नग एक.' फळ्यांपैकी दोन फुटले. घंटा एकदा चोरीला गेली आणि गुपचूप परत आली. खंदक मात्र जागचा हलला नाही, आणि त्याच्यापायी आमचे चंपतराव मास्तरही हलले नाहीत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध लागलं. नागपूर देशाच्या मधोमध. दुश्मनाला कुठूनही यायचं म्हटलं तरी सारखंच लांब. म्हणून तो कुठूनही येऊ शकतो, असं वरच्या ऑफिसचं मत पडलं. वरचं ऑफिस म्हणजे नेमकं कोणतं ते आम्हा पोरांना कधी कळलं नाही, पण पत्रं वरून यायची एवढं खरं. पत्रात लिहिलं होतं की हवाई हल्ल्यापासून बचावासाठी तीस फूट लांब, दोन फूट रुंद, साडेचार फूट खोल असा वाकडातिकडा खंदक खणावा. युद्ध हा इतिहासाचा विषय, म्हणून काम आलं इतिहासाच्या मास्तरांकडे. पत्र आलं तेव्हा मास्तर पाचवी 'ब'च्या वर्गात होते, म्हणून खणायला पाचवी 'ब'. मी पाचवी 'ब'मध्ये होतो.

कुदळी आमच्यापेक्षा उंच होत्या. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. आम्हाला बावीस दिवस लागले. मधेच एकदा मी मास्तरांना विचारलं की युद्ध तर संपलं ना.

"युद्ध संपलं गा," मास्तर म्हणाले, "पत्र कुठं संपलं? खण."

आमचा चपराशी धोंडबा. त्याचा भाऊ फौजेत होता. तो सुट्टीवर आला तेव्हा आमच्या खंदकाकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्याने विचारलं, ही नाली कुठं नेऊन राहिले?

त्यानंतर खंदकाने शाळेची बरीच सेवा केली. गणिताच्या तासाला त्यात लपता यायचं. पावसाळ्यात त्यात बेडूक व्हायचे आणि उन्हाळ्यात नववीची पोरं बिड्या ओढायची. सहावीत माझ्या डब्याचं झाकण त्यात पडून हरवलं आणि घरी दोन थपडा बसल्या. खंदकाबद्दल एवढंच बोलण्यासारखं होतं. पण शहात्तर साली चंपतराव मास्तरांची बदली मंजूर झाली.

मास्तरांचं घर खाप्याला. बायको जयवंताबाई आणि पोरगी तिथं, मास्तर इथं एका खोलीत, स्टोव्हवर भात करपवत. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत, तोवर पिशवीतल्या भाकरी कडक झालेल्या. आमच्या संस्थेची एक शाळा खाप्यातही होती. तिथं जागा निघावी म्हणून मास्तर आठ वर्षं अर्ज करत होते. आता पत्र आलं की ऑगस्टअखेर इथला चार्ज देऊन हजर व्हावे, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल. त्या दिवशी मास्तरांनी आम्हा दहावीच्या पोरांना पानिपत पंधरा मिनिटांत उरकून दिलं आणि उरलेला तास खिडकीतून बाहेर बघत काढला.

चार्ज घ्यायला आले हेडक्लार्क नानाजी. त्यांनी सहा नकाशे मोजून घेतले, ज्यांच्यातल्या तीन नकाशांत पूर्व पाकिस्तान अजून शाबूत होतं. लाकडी तलवारी मोजल्या. मग टेप घेऊन मैदानात आले आणि खंदकात उतरले.

"चार फूट सहा पाहिजे," नानाजी आतून बोलले. "दोन फूट दहा भरून राहिला. वीस इंच कमी हाय, मास्तर."

"पाच पावसाळ्यांची माती बसली नानाजी."

"ते मले समजते, रजिस्टरले समजत नाही. वीस इंच कुठं गेले, काय लिहू?"

"मातीत गेले लिहा."

"संस्थेची वस्तू मातीत गेली असं लिहू? मंग मी कुठं जाऊ?"

नानाजी माणूस वाईट नव्हते. त्यांनी मोजमापासाठी चार दिवसांची मुदत दिली. मास्तरांनी पुन्हा आम्हालाच खणायला लावलं. आता आम्ही दहावीत होतो, दंडात जोर आला होता, एका दुपारीच काम संपलं. नानाजींनी टेप सोडला. पाच फूट तीन. त्यांचा चेहरा उतरला. कमी भरलं तर खुलासा देता येतो, ते म्हणाले, पण नऊ इंच खड्डा जास्तीचा आला कुठून? त्याची पावती? आम्ही नऊ इंच माती परत लोटली. दुसऱ्या दिवशी नानाजी टेप घेऊन यायच्या आत असा पाऊस कोसळला की कडा ढासळल्या आणि खंदक भरला दोन फूट अकरा. मास्तरांना एका इंचाचा फायदा झाला.

मग मास्तरांनी खंदक निर्लेखित करण्याचा, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव वर पाठवला. कारण लिहिलं, 'युद्ध संपल्याने वस्तू निरुपयोगी.' वरून पुरावा मागितला. मास्तरांनी वर्तमानपत्राची कात्रणं जोडली. ती परत आली, कारण वर्तमानपत्र हा पुरावा नव्हे, पाठ्यपुस्तकाचं पान जोडावं. आमचं इतिहासाचं पुस्तक सत्तेचाळीस सालीच संपत होतं. पुस्तकात जे झालंच नाही ते संपलं कसं, असं वरच्यांना वाटलं असावं. शेवटचं उत्तर मास्तरांनी आम्हाला वर्गात वाचून दाखवलं:

'विषयांकित युद्ध सुरू झाल्याचे या कार्यालयाने कळविलेले आहे. ते संपल्याचे या कार्यालयाने कळविल्याचे दिसून येत नाही. सबब खंदक वापरयोग्य स्थितीत ठेवून दर शनिवारी सराव घ्यावा व अनुपालन अहवाल सादर करावा.'

त्यामुळे दर शनिवारी साडेदहाला धोंडबा घंटा बडवायचा आणि शाळा आळीपाळीने खंदकात आडवी व्हायची. चाचणीत चौथीच्या एका पोरीने लिहिलं की एकाहत्तरचं युद्ध अजून चालू आहे, दर शनिवारी असतं, येताना जुना फ्रॉक घालून यावा. मास्तरांनी तिला पूर्ण मार्क दिले. शेवटचा वर्ग खंदकातून निघेपर्यंत दुपार टळायची, त्यामुळे त्यांची खाप्याची एसटीही चुकायला लागली होती.

ऑगस्टचे बारा दिवस उरले तेव्हा नानाजींनीच रस्ता काढला. चहा पिताना ते म्हणाले, "मास्तर, रजिस्टरातून वस्तू तीन प्रकारे जाते. फुटते, हरवते, नाहीतर लय जुनी होते. खंदक फुटत नाही. हरवतही नाही. मंग त्याले जुना करा."

"किती जुना?"

"पन्नास वर्षांच्या आतली वस्तू भंगार असते. शंभराच्या वर गेली का ऐतिहासिक. मंग ते पुरातत्त्ववाल्यांकडे जाते, आपल्याकडे राहत नाही."

चंपतराव मास्तर म्हणजे सनावळीत एका वर्षाची चूक झाली तरी छडी काढणारा माणूस. त्या माणसाने खिडकीला पाठ करून अर्ज लिहिला आणि आमचा खंदक एकशे चोपन्न वर्षं मागे लोटला. सीताबर्डीच्या लढाईत, अठराशे सतरा साली, भोसल्यांच्या एका तुकडीने इंग्रजांची वाट अडवायला तो खणला, असं त्यात होतं. इंग्रज या वाटेने आलेच नाहीत, हेही मास्तरांनी लिहिलं. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात शिल्लक होता.

पाहणीला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. त्यांनी छडीने माती उकरली तर काहीतरी गंजलेलं वर आलं. ते माझ्या डब्याचं झाकण होतं. साहेबांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शिरस्त्राण." मग त्यांनी बूट काढले. त्यांनी काढले म्हणून मास्तरांनी काढले, मग आम्ही सगळ्यांनी. झाकणावर खिळ्याने माझं नाव कोरलेलं होतं. साहेबांनी ते वाचायचा प्रयत्न केला आणि लिपी मोडी असावी असं ठरवलं. मी पुढे झालो होतो, पण मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथंच थांबलो. त्या नजरेत खाप्याची एसटी उभी होती.

आदेश नऊ दिवसांत आला. नानाजींनी पान अठ्ठावीसवर लाल रेघ मारली. मास्तरांनी ट्रंक बांधली, स्टोव्ह धोंडबाला देऊन टाकला. मग त्यांनी आदेशाचं दुसरं पान उलटलं. 'सदर स्थळाचा इतिहास ज्ञात असलेली श्री. चंपतराव ही एकमेव व्यक्ती असल्याने त्यांची बदली रद्द करून त्यांना स्थळाचे मानद रक्षक नेमण्यात येत आहे.' खाप्याची जागा सावनेरच्या एका मास्तराला मिळाली.

जयवंताबाई त्यानंतर एकदाच नागपूरला आल्या. खंदकाभोवती तारेचं कुंपण होतं, निळी पाटी होती. त्या काठावर उभ्या राहून खाली बघत राहिल्या.

"इतकी वर्षं मले वाटे, तुमचं इथं दुसरं काही असन," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बाई असती तर भांडून घेतलं असतं. आता याच्याशी काय भांडू?"

मास्तरांनी पाटीवरची धूळ रुमालाने पुसली.

त्या वर्षीच्या सहामाहीत 'आपला परिसर' म्हणून नवा प्रश्न आला. शाळेतील खंदक कोणी खणला? मार्क दोन. मी लिहिलं, 'आम्ही. पाचवी ब.' पेपर तपासायला मास्तरच होते. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं, माझा उजवा तळहात उलटा करून पाहिला. तिथं घट्टा अजून होता.

"मले मालूम हाय," ते हळू बोलले. "पण उत्तर मीच वर पाठवलं ना गा. आता तुह्यं बरोबर धरलं तर मी कोण?"

त्यांनी खोडरबर पुढे सरकवला. मी पेन्सिलीनेच लिहिलं होतं, मलाही अंदाज असावा. खोडलं आणि सुवाच्य अक्षरात 'भोसल्यांच्या सैन्याने' लिहिलं. दोन्ही मार्क मिळाले.

तुम्ही हसून राहिले ते दिसतंय. हसा. पण तुमच्या इतिहासाच्या पेपरात तुम्हाला मिळालेले मार्क एकदा आठवा, आणि त्यातल्या किती खंदकांत तुम्ही टेप घेऊन उतरला होतात तेवढं सांगा. मी निदान स्वतः खणून मग खोटं लिहिलं होतं.