ओविलाबाबांच्या बारा बाटल्या

"हे बघ मारिएल, अख्ख्या क्वेबेकात आजवर कुणी पाहिली नसेल अशी पार्टी मी करून दाखवणार!" फेर्नां तुर्मेलने जाहीर केलं आणि काउंटरवर मूठ आपटली. ती नेमकी लॉटरीच्या स्टँडवर बसली. सगळी तिकिटं जमिनीवर पसरली.

"आधी ती तिकिटं उचल," मारिएल म्हणाली. ती त्याची बायको. नवऱ्याच्या घोषणा आणि दुकानातल्या फ्रिजची घरघर हे दोन्ही आवाज तिला आता ऐकूच येत नसत.

सेंत-झेनोबी गावात फेर्नांचं कोपऱ्यावर अडीनडीचं दुकान होतं. दूध, पाव, बॅटऱ्या, गाडीवरचा बर्फ झाडायचे ब्रश, सगळं मिळायचं. अलीकडे मात्र त्याने छोट्या छोट्या भट्ट्यांची नवी बिअर ठेवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे हातभट्टी म्हटली की पोलीस येतात. तिथे गिऱ्हाईक येतं! कुठे देवदाराच्या कोंबांची बिअर, कुठे रानातल्या ब्लूबेरीची, कुठे धुरावर धरलेली. नावंही एकेक अशी की ऐकत राहावं. 'वेडा मूस' काय (मूस म्हणजे तिकडचं अजस्र सांबर), 'पाद्रीबुवांची डुलकी' काय! शेजारच्या फळीवर आसपासच्या टेकड्यांवरची वाइन. आणि या प्रत्येक बाटलीबद्दल फेर्नां तासभर बोलू शकायचा. "या बिअरमध्ये ना, पहिल्या घोटाला जंगल, दुसऱ्या घोटाला लिंबू, आणि गिळल्यावर आजीच्या स्वयंपाकघराचा वास!" गिऱ्हाईक गारद व्हायचं आणि दोन बाटल्या घेऊन जायचं.

गंमत अशी की फेर्नांने यातला एक थेंबही कधी चाखला नव्हता. त्याला पित्ताचा त्रास. आल्याच्या सोड्यापलीकडे तो आयुष्यात गेला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण गाव तो पोटभर जेवलं होतं.

आता या पार्टीचं कारण सांगतो. मारिएलचे वडील, ओविला बोल्दूक. म्हाताऱ्याने गावामागच्या उतारावर द्राक्षं लावली होती. तिथल्या हिवाळ्यात द्राक्षं म्हणजे तान्ही पोरंच. दरवर्षी थंडी पडायच्या आत एकेक वेल आडवा करायचा, पांघरूण घालायचं, वसंतात पुन्हा उभा करायचा. म्हाताऱ्याचे गुडघे पार गेले होते. त्यात मागच्या मे महिन्यात अवेळी गोठवणारं दहिवर पडलं आणि पीक करपलं. उरल्यासुरल्या द्राक्षांची जेमतेम बारा बाटल्या वाइन झाली. डाळिंबी रंगाची, गार करून प्यायची.

शेजारी तो उतार मागत होता, नाताळची झाडं लावायला. सोमवारी त्याला हो की नाही ते सांगायचं होतं. ओविलाबाबांनी ठरवून टाकलं होतं, "जाणत्या माणसाने चाखून वाइन चांगली म्हटलं, तर आणखी काही वर्षं वेल झोपवीन-उठवीन. नाही म्हटलं, तर उतार देऊन टाकीन. पण सांगणारा खरं सांगणारा पाहिजे."

जाणतं माणूस म्हणजे मादाम सोलांज. तळ्याकाठच्या हॉटेलची मालकीण. तिच्या जिभेला अख्खा मुलूख मान द्यायचा. ती शुक्रवारी फ्लोरिडाला निघणार होती, थेट एप्रिलात परतणार. म्हणून फेर्नांने गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात पार्टी ठरवली आणि सासऱ्यांकडून सगळ्या बाराच्या बारा बाटल्या मागून आणल्या. म्हातारा एक ठेवून घेत होता. "अहो, एकीने काय होणार बाबा? डझनाचा थाट वेगळा!" असं म्हणून त्याने तीही काढून घेतली.

मग आठवडाभर त्याने गावभर दवंडी पिटली. "माझ्या सासऱ्यांची वाइन! रानचेरीचा वास, मध्ये जरा मिरीचा ठसका, आणि शेवट असा रेशमी की काय सांगू!"

"तू चाखलीस?" मारिएलने विचारलं.

"चाखायची काय गरज? रंगावरून कळतं!"

गुरुवारी सकाळी पहिली अडचण आली. फ्रिज बिअरने गच्च भरला होता. मुंगी शिरायला जागा नाही.

"तळघरात ठेव," मारिएल म्हणाली. "बाबांनी तसंच सांगितलंय."

"तळघर!" फेर्नां कळवळला. "अगं, देवाने दारात एवढा मोठा फ्रिज दिलाय आणि तू मला तळघर सांगतेस?"

दारात, रस्त्याच्या कडेला, बर्फाचा छातीएवढा ढीग होता. आठवडाभराचं वादळ तिथे गोळा झालं होतं. बेत असा की बाटल्या त्या ढिगात पुरायच्या, पाच वाजता पाहुणे जमले की फेर्नां बाही सरसावून हात खुपसणार आणि एकेक बाटली बाहेर काढणार! टाळ्या! मादाम सोलांज थक्क! खरं सांगायचं तर बेत वाईट नव्हता. उघड्यावर वाइन गोठून बाटली फुटली असती. बर्फाच्या पोटात ती काही तासांत बेताची गार झाली असती. फेर्नांच्या बेतांचं हेच दुखणं असे, ते नव्वद टक्के बरोबर असत.

त्याने बाराही बाटल्या एका ओळीत पुरल्या, वर बर्फ थापून गुळगुळीत केला. आता खूण म्हणून काय रोवावं, असा विचार करत तो उभा होता, तेवढ्यात नगरपालिकेचा माणूस नारिंगी पाटी घेऊन आला. 'आज दुपारी बर्फ उचलणार. गाड्या हलवा.'

"इथे रोवू का?" त्याने विचारलं.

"नको, नको! जरा डावीकडे!" फेर्नां म्हणाला. "अजून जरा. हां! बरोब्बर तिथेच! ठोका!"

पाटी ठोकली गेली. फेर्नांने त्या माणसाला फुकट कॉफी पाजली, वर एक केकही दिला. आत येऊन बायकोला म्हणाला, "नशीब असावं लागतं. खुणेचा खांबसुद्धा सरकारी खर्चाने आला!"

तुम्ही म्हणाल, इतका कसा मूर्ख? तर तसं नाही. तिथे जन्म काढलेल्या माणसाला त्या नारिंगी पाटीत फक्त 'गाडी हलवा' एवढंच दिसतं. गाडी हलवली नाही तर ती ओढून नेतात, दंड होतो, बायको बोलते. बर्फाचं काय, तो पडतो आणि जातो. त्याचा विचार कोण करतो!

तीन वाजता बर्फ उचलणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजला आणि फेर्नांच्या अंगात संचारलं. अ‍ॅप्रनवरच तो रस्त्यावर धावला. "गाड्या हलवा! यंत्र आलं! पोस्टमास्तरीणबाई, तुमची निळी गाडी! फादर, किल्ली द्या, मी लावतो!" पाद्रीबुवांची गाडी तर त्याने ढकलत कोपऱ्यापार नेली. रस्ता मोकळा झाला. तिकडून ते अजस्र यंत्र बर्फ गिळत, शेजारच्या ट्रकमध्ये फवारत येऊ लागलं. फेर्नां पदपथावर उभा राहून हात करत होता. "येऊ द्या! येऊ द्या! अजून कडेला घ्या, थोडा राहिलाय!"

यंत्रवाल्याने पाटी उपटून बाजूला फेकली आणि यंत्र आणखी कडेला घेतलं. खळ्ळ! खळ्ळ! खळखळ्ळ!

फेर्नां तावातावाने दुकानात शिरला. "ऐकलंस? कुणीतरी बर्फात बाटल्या टाकल्यात! लोकांना काही शिस्तच राहिली नाही!"

मारिएल ग्लास पुसत होती. तिचा हात थांबला.

"फेर्नां," ती हळूच म्हणाली, "बाबांची वाइन कुठे आहे?"

फेर्नांने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा तुळतुळीत झाला होता.

पुढच्या क्षणी तो गाडीत होता आणि ट्रकचा पाठलाग करत होता. हॉर्न वाजवत होता, खिडकीतून हात काढून ओरडत होता. ट्रकवाल्याला वाटलं, कामाचं कौतुक चाललंय. त्यानेही हात केला आणि वेग वाढवला.

गावाबाहेरच्या मैदानात जिथे सगळा बर्फ आणून ओततात, तिथे एक डोंगर उभा होता. ट्रकमागून ट्रक येत होते. पायथ्याशी एका खोपटात जोस्लीन नावाची मुकादमीण बसली होती.

"बाई, माझी वाइन आलीय का इथे?" फेर्नांने धापा टाकत विचारलं.

"वाइन?" ती शांतपणे म्हणाली. "गेल्या आठवड्यात एकाची कवळी आलीय. त्याआधी एक सायकल. नंबर लावा."

"मिळेल कधी?"

"बर्फ वितळला की. जूनअखेरीला या. उन्हाळा बरा असला तर हां!"

फेर्नां तिथेच मटकन बसला. आणि बसल्या बसल्या त्याला दिसलं. नुकत्याच ओतलेल्या ढिगात, करड्या मळकट बर्फात, एक डाळिंबी पट्टा. पंजाएवढे दोन-तीन डाग. ओविलाबाबांचं वर्ष तिथे सांडलं होतं.

का कोण जाणे, त्याने हातमोजा काढला, काच नाही ना ते पाहिलं, चिमूटभर लाल बर्फ उचलला आणि तोंडात घातला.

"अहो, मेपलचा पाक बर्फावर ओतून खायचा मोसम अजून महिनाभर लांब आहे!" जोस्लीन ओरडली.

पण फेर्नांला ऐकू येत नव्हतं. वाळू दाताखाली कचकचली. बर्फ वितळवायला रस्त्यावर फवारलेलं मीठ जिभेला लागलं. आणि मग त्या सगळ्याच्या मागून, वाट चुकलेलं पोर घरी यावं तशी, रानचेरी आली. खरीखुरी रानचेरी! मध्ये जरासा मिरीचा ठसका. आणि शेवट... काय सांगू, रेशमीच होता हो! आठवडाभर त्याने जे जे बनवून सांगितलं होतं, ते ते सगळं त्या वाइनमध्ये होतं. जन्मात पहिल्यांदा त्याने दुकानातला माल चाखला आणि तो असा उकिडवा बसून, मळक्या ढिगातून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा या चवीसाठी दरवर्षी चिखलात गुडघे टेकायचा, आणि आपण ती रस्त्याच्या कडेला ठेवली! वर खूणही करून दिली!

त्याने जमेल तेवढा लाल बर्फ टोपीत भरला आणि परत निघाला. पण हीटर चालूच होता. दुकानाशी पोचेपर्यंत टोपी ओली, सीट लाल, आणि हातात मूठभर वाळू.

आत पार्टी रंगात आली होती. मारिएलने लाज राखायला बिअर उघडल्या होत्या. मादाम सोलांज 'वेडा मूस' मिटक्या मारत पीत होती.

"फेर्नां! ही तर अफलातून आहे! हॉटेलसाठी दहा खोकी पाठव. आणि तुझ्या सासऱ्यांची वाइन? फुटली म्हणे? अरेरे! पुढच्या वेळी हं!" तिने गालाला गाल लावले, फ्लोरिडाच्या उन्हाबद्दल चार शब्द बोलली आणि गेली.

कोपऱ्यात दुधाच्या रिकाम्या क्रेटवर ओविलाबाबा बसले होते. लग्नातला सूट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. समोरची बिअर तशीच होती. फेर्नां त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. पाटी, कॉफी, केक, 'येऊ द्या'. काही लपवलं नाही. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त बिअरचा ग्लास बाजूला सरकवला.

"बाबा, पण उतार विकू नका!" फेर्नां घाईने म्हणाला. "वाइन फार चांगली होती! मी चाखली!"

"असं?"

"देवाशपथ! रानचेरीचा वास होता. मध्ये मिरीचा ठसका. आणि शेवट रेशमी!"

ओविलाबाबांनी मान हलवली. "हे तर तुम्ही आठवडाभर सांगत होतात, जावईबापू. पाववाल्यालाही सांगितलंत. तेव्हा एकही बूच उघडलेलं नव्हतं."

"तेव्हा खोटं होतं! आज खरं आहे!"

"शब्द तर तेच आहेत."

फेर्नांला प्रश्न पडला. दुसरे शब्द आणायचे कुठून? खरं चाखल्याची काहीतरी साक्ष द्यायला हवी होती, आधी कधीच न सांगितलेली. तो डोकं खाजवत राहिला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"थोडी खारट लागत होती!"

ओविलाबाबांनी वर पाहिलं.

"खारट?"

"हो! अगदी स्पष्ट! जिभेच्या टोकाला!"

म्हातारा सावकाश उठला. टोपी घातली, कोटाची बटणं लावली. मग त्याने फेर्नांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातात रागाचा लवलेश नव्हता.

"बरं झालं सांगितलंत, जावईबापू. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमच्या बोलण्यावर विश्वास बसला. सोमवारी शेजाऱ्याला हो म्हणून टाकतो."

आणि ते बाहेर पडले.

"बाबा! अहो, ते मीठ रस्त्याचं होतं!" फेर्नां त्यांच्या मागे धावला. "नगरपालिकेचं मीठ! ऐका तरी!"

पण म्हाताऱ्याने गाडी सुरू केली होती. रस्ता अगदी मोकळा होता, फेर्नांनेच करून घेतलेला. गाडी कुठेही न अडता सरळ निघून गेली.