कुरामोचींचा पुरावा

गल्लीत बुधवार हा कचऱ्यात फक्त काचेच्या बाटल्या टाकायचा वार. तरी तीन बुधवार कोणीतरी ओला कचरा आणून ठेवत होतं. घंटागाडी तो उचलत नसे, कावळे मात्र उचलत. कचऱ्याची जागा पडली कुरामोचींच्या दाराशेजारी, म्हणून गल्लीने आळ त्यांच्यावरच घेतला. रविवारच्या बैठकीपर्यंत खरा गुन्हेगार सापडला नाही, तर वर्षभराची झाडलोट त्यांच्या गळ्यात पडणार होती. अडतीस वर्षं रेल्वेत एक मिनिट उशीर न केलेल्या माणसाला हे फार लागलं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या मोडीच्या टोपलीतून त्यांनी एक झूमवाला रोलचा कॅमेरा उचलला.

"अहो, फोन आहे ना तुमच्याकडे?" बायको सुमिए म्हणाली.

"फोनवरचा फोटो कोणीही बदलतं. निगेटिव्ह खोटं बोलत नाही."

रोल कॅमेऱ्याच्या चौपट किमतीला पडला होता, पण ते सांगायची त्यांची छाती झाली नाही.

बुधवारी पहाटे ते खिडकीत पडद्याआड दबा धरून बसले. पिशवी घेऊन आल्या त्या समोरच्या इसोगाई आजी, वय सत्याऐंशी. कुरामोचींनी बटण दाबलं. झूमची नळी घरघरत पुढे आली आणि लख्खकन फ्लॅश पडला. हे जुने कॅमेरे अंधार दिसला की कोणाला न विचारता फ्लॅश मारतात. आता बोला.

आजींनी शांतपणे केसांवरून हात फिरवला.

"मान वाकडी आली असेल. आणखी एक काढ बाबा."

कुरामोचींना नाही म्हणवेना.

शनिवारी फोटो आले. आजी, पिशवी, मागे कोणत्या वारी कोणता कचरा ते सांगणारी पाटी, पुरावा चोख होता. पण आजी इतक्या सुरेख हसल्या होत्या की त्यांना एक प्रत द्यावीच लागली.

"हा माझ्या अंत्यविधीला फुलांत ठेवायचा," आजी म्हणाल्या. "मुलगा पासपोर्टचा ठेवणार होता. त्यात मी आधीच मेल्यासारखी दिसते."

"पण आजी, हा मला उद्या बैठकीत दाखवायचाय."

"दाखव की. सगळ्यांना दाखव."

बैठकीत फोटो हातोहात फिरला.

"पाटी बघा, पाटी," कुरामोची सांगत राहिले.

"चेहऱ्यावरचा उजेड बघा," अध्यक्ष म्हणाले. "मला हुबेहूब असाच हवा. घाई नाही म्हणा."

कचऱ्याचं नावही कोणी काढलं नाही. कुरामोची सुटले.

पुढच्या बुधवारी पहाटे खिडकीखाली सात जण नटूनथटून रांगेत उभे होते. प्रत्येकाकडे ओल्या कचऱ्याची पिशवी होती.

"पिशवी कुठल्या हातात धरू?" कोट घातलेल्या अध्यक्षांनी विचारलं.

आठला घंटागाडी बाटल्या तेवढ्या घेऊन गेली, सात पिशव्या तिथेच राहिल्या. कावळे यायच्या आत कुरामोचींनी झाडू काढला.