खाच पाहणारे मनोहर भाऊजी

या, जवळ सरका जरा. दाराशी बसून ऐकाले हे काय रेशनचं दुकान आहे? इतक्या दिवसांनी येणं झालं, अन् हातातली पिशवीही खाली ठेवत नाही! बरं, एक सांगून ठेवते. साऱ्या बालाघाटात फिरा, पण आमच्या शेजारच्या मनोहर भाऊजींसमोर घड्याळ घालून जाऊ नका. ते वेळ विचारत नाहीत. घड्याळ उलटं करतात, भिंग लावतात आणि म्हणतात, "उघडलेलं आहे. दुरुस्त."

त्यांच्या लेखी जगात वस्तू तीनच प्रकारच्या. असली, दुरुस्त आणि बनावट. माझी कवळी पहिल्याच दिवशी 'बनावट' ठरली.

"भाऊजी, कवळी बनावटच असते," मी म्हटलं.

"हौ, पण चांगली बनावट आहे, वहिनी."

किरनापूरला एका लग्नात गेलतो आम्ही. तिथं आंदणातलं कपाट नखानं खरवडून हे मोठ्यानं म्हणाले, "वरून सागवान, आत भुसा." नवरीचा बाप पाणी मागाले लागला. आम्हाले मग शेवटच्या पंगतीत बसवलं.

ही खोड लागली ती पैशाच्या बाज्यापायी, म्हणजे नाणं टाकलं की वाजणाऱ्या पेटीपायी. भाऊजी उकव्याच्या मँगनीज खाणीत स्टोअरकीपर होते. साहेब लोकांच्या क्लबातलं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यांनी हा फोनोग्राफ उचलला. लाकडी पेटी, वर काच, आत गाणं कोरलेलं मेणाचं नळकांडं. फटीतून जुना आणा टाकायचा. तो आतल्या दांडीवर पडतो, दांडी झुकते, ब्रेक सुटतो, अन् इंग्रजी बँड सुरू. दोन मिनिटं वाजला की पुन्हा आणा.

पेटीले फडकं लावायची सोय नाही. "मळ नाही तो, वयाचा दाखला आहे!" आणि स्क्रूवर तर भारीच भरवसा. "माणूस खोटं बोलते, स्क्रू नाही बोलत. एकदा कोणी फिरवला की डोक्यावरच्या खाचेचा काठ फाटते. खाच पहा, खाच!"

त्यांची बायको कुसुम हसायची. एकदा भाऊजी बैहरले गेलते, अन् कुसुम रडत माझ्याकडं आली. एकटीनं गाणं ऐकावं म्हणून तिनं आणा टाकला, तर दांडीची स्प्रिंगच तुटली. आम्ही दोघींनी भाजीच्या सुरीनं स्क्रू फिरवला. कुसुमनं अंबाड्यातला आकडा काढला, वाकवला, स्प्रिंगच्या जागी अडकवला. आणा टाकला. वाजलं की हो!

"यांले सांगू नको वं, मायची आन," कुसुम म्हणाली. नाही सांगितलं. ती देवाघरी गेली, तरी नाही सांगितलं.

मग नागपूरहून एक पारखी आले. तिथं जुन्या बाज्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि 'असली' ठरेल त्याच यंत्राले आत जागा होती. एवढ्या एका शब्दासाठी भाऊजींनी जन्म काढला होता. राजेगावकडून गाडी येणार म्हणून सकाळपासून इस्त्रीच्या सदऱ्यात फाटकाशी उभे. चहा कराले मले बोलावलं.

पारख्यांनी टॉर्च लावला. "लाकूड असली. पॉलिश असली. मोटर असली." एकेका शब्दासरशी भाऊजी बोटभर उंच होऊन राह्यले होते. मग पारखी थांबले.

"काका, हे काय? केसांचा आकडा?"

मी कपबशा तिथंच खाली ठेवल्या. आता या माणसाले कळणार, की बायको अन् शेजारणीनं मिळून इतकी वर्षं फसवलं.

"हौ. आकडाच आहे," भाऊजी म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी. खाच फाटली होती, वहिनी. अन् स्क्रूले कांद्याचा वास."

"मग बोलले काहून नाही?"

"मी फसलो म्हणून ती एवढी खुश होती..." साऱ्या बालाघाटाले तोंडावर बनावट म्हणणारा माणूस, पण एवढी एक गोष्ट पोटात ठेवून होता.

पारखी भले होते. म्हणाले, "माझ्याकडे त्याच काळची स्प्रिंग आहे. पाच मिनिटांत बदलतो. मग तुमचं यंत्र असली."

भाऊजींनी पेटीचं झाकण लावलं. "दुरुस्त लिहा, साहेब."

"मग प्रदर्शनात नाही घेता येणार."

"नका घेऊ."

गाडी गेली. भाऊजींनी चहाचा घोट घेतला. "पावडरच्या दुधाचा आहे, वहिनी. बनावट." मी म्हटलं, "हौ, चांगला बनावट आहे." तेव्हा कुठं हसले, अन् पेटीत आणा टाकला.

आता रोज चार वाजता भिंतीपलीकडून बँड वाजते. हातातलं काम ठेवून मी ऐकते. वाजलं, म्हणजे आकडा अजून धरून आहे.

निघालात? बरं. पण आता इतके दिवस लावू नका, लवकर या. घड्याळ घरी ठेवा, अन् कुठं डब्यात जुना आणा सापडला तर घेऊन या. त्यांच्याकडचा झिजून गुळगुळीत झाला आहे.